चूक माझ्या नावावर

सुनेने सासऱ्यांच्या मानेवर दोन बोटं टेकवली आणि विचारलं, “इथे दुखतं?”

“नाही.”

“नाही म्हणायचं नाही, बाबा. अजून सांगता येत नाही, असं म्हणायचं.”

“पण दुखतच नाहीये.”

“आज नाही दुखत. परवा दुखायला लागलं तर? तेव्हा तुमचं आजचं ‘नाही’ कोणीतरी कागदावर दाखवेल.”

दवाखान्यातले डॉक्टर हातात छोटी बॅटरी धरून आपली पाळी कधी येते याची वाट बघत उभे होते. ही बाई अपघाताच्या दाव्यांची वकील आहे हे त्यांना चांगलं ठाऊक होतं, कारण एका दाखल्यावरून तिने त्यांना एकदा कोर्टात अर्धा दिवस उभं केलं होतं. त्यामुळे त्यांनी म्हाताऱ्याची मान पुराव्याची वस्तू असल्यासारखी जपून इकडे तिकडे वळवली आणि ‘मानेला झटका बसल्याची शक्यता, काही दिवसांनी पुन्हा तपासणे’ असं लिहून मोकळे झाले. म्हातारा खुदकन हसला.

या म्हाताऱ्याला निम्मं शहर मास्तर म्हणायचं, कारण निम्मं शहर त्यांच्याकडे गाडी शिकलं होतं. उरलेलं निम्मं ऐकून ऐकून म्हणायला लागलं होतं. ड्रायव्हिंग स्कूल बंद होऊन बरीच वर्षं झाली, तरी रस्त्यावर कोणी वळताना दिवा दाखवला नाही की मास्तरांचा चेहरा अजून पडायचा. त्या सकाळी ते आपल्या गाडीतून चौकातून सरळ चालले होते आणि बाजूच्या गल्लीतून आलेली बेकरीची व्हॅन त्यांच्या गाडीच्या दारावर येऊन आदळली. कोणाला काही लागलं नाही. दार मात्र आत गेलं आणि रस्ताभर पाव पसरले.

वकीलबाईला ही बातमी ऑफिसात फोनवर कळली होती, तीही खुद्द मास्तरांकडून.

“घाबरू नकोस,” ते म्हणाले होते, “सगळं मिटवलंय.”

‘मिटवलंय’ ऐकून तिने हातातली फाइल बंद केली. तिच्या धंद्यात सगळ्यात जास्त बुडायचे ते जागच्या जागी मिटवणारेच. अपघात झाल्यावर काय करायचं हे तिने सगळ्या नात्यागोत्यात इतक्या वेळा सांगितलं होतं की तिची एक आतेनणंद, दारात गाडी उभी असताना, ‘आम्ही गाडी विकली’ असं सांगून सुटका करून घ्यायची. गाडी हलवायची नाही. आधी फोटो काढायचे. बघणाऱ्यांची नावं आणि नंबर घ्यायचे. पोलिसांना काय झालं ते सांगायचं, कोणामुळे झालं ते सांगायचं नाही. दुखो न दुखो, त्याच दिवशी डॉक्टरकडे जायचं. समोरच्याच्या विमा कंपनीशी बोलायचं नाही, त्यांच्या कागदावर सही तर मुळीच करायची नाही. आणि जीव गेला तरी ‘माझं चुकलं’ म्हणायचं नाही.

मास्तरांनी यातलं प्रत्येक काम उलटं करून ठेवलं होतं. लोकांचा खोळंबा नको म्हणून गाडी बाजूला घेतली. बघ्यांना ‘अरे जा, कामाला उशीर होईल’ म्हणून पिटाळलं. वाकून वाकून पाव गोळा केले. फोटो एकच काढला, तो रस्त्यावरच्या पावांचा, कारण ते दृश्य त्यांना गमतीचं वाटलं. आणि वाहतूक पोलीस आल्यावर खणखणीत आवाजात सांगितलं, “चूक माझी. माझ्या नावावर लिहा.” वर सही.

“सहीसुद्धा?” दवाखान्यातून बाहेर पडताना वकीलबाईने विचारलं.

“पेनही माझंच होतं,” मास्तर म्हणाले.

संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी तिघं बसले. तिसरा म्हणजे मास्तरांचा मुलगा, वकीलबाईचा नवरा. तो दातांचा डॉक्टर होता आणि वाईट बातमी हळू आवाजात सांगायची त्याला सवय होती.

“बाबा, आपलं ठरलं होतं,” तो हळू आवाजात म्हणाला. “फाटकाला गाडी घासली तेव्हाच ठरलं होतं. पुन्हा काही झालं आणि चूक तुमची निघाली, तर किल्ली माझ्याकडे.”

“ठरलं होतं,” मास्तर म्हणाले आणि किल्ली टेबलावर ठेवली. पुढे बोलायचं काही नाही अशा बेताने त्यांनी पावाला लोणी लावायला घेतलं. व्हॅन चालवणाऱ्या बाईने चेपलेल्या पावांची एक पिशवीच त्यांना बळेबळे दिली होती.

मुलगा दुष्ट नव्हता. वकीलबाईलाही त्याचं म्हणणं पटत होतं, आणि तरी ती किल्ली टेबलावर पडलेली तिला बघवेना. सासूबाई गेल्यापासून मास्तरांचा दिवस त्या गाडीतच सुरू व्हायचा. ज्यांना आता गाडी चालवता येत नाही असे तीन मित्र ते सकाळी घराघरातून उचलायचे, पोहायच्या तलावावर न्यायचे आणि परत सोडायचे. वाटेत चौघांची भांडणं चालायची, कधी राजकारणावरून, कधी खिडकीची काच वर की खाली यावरून. ते बंद झालं की हा माणूस खुर्चीत बसून राहील, आणि एकदा बसला की बसला, अशी तिला खरोखरची धास्ती वाटत होती.

तिने किल्लीवर हात ठेवला. “चूक त्यांची आहे असं अजून ठरलेलं नाही.”

“ते स्वतः म्हणतायत ना.”

“म्हणणं वेगळं आणि असणं वेगळं. त्या फरकावरच माझं पोट चालतं.”

नवऱ्याने सुस्कारा सोडला. वाहतूक शाखेने दोन्ही गाडीवाल्यांना पुढच्या आठवड्यात जबाबासाठी बोलावलं होतं. तोवर किल्ली फ्रिजवरच्या वाडग्यात राहील, असं ठरलं.

“आता मला क्रमाने सांगा,” वकीलबाई मास्तरांकडे वळली. “काय झालं?”

“चूक माझी झाली.”

“तो निकाल झाला, बाबा. मी हकीकत विचारतेय.”

“मी सरळ चाललो होतो. ती गल्लीतून आली. लागली.”

“तुम्ही सरळ जात होतात. तिने थांबायला हवं होतं. मग चूक तुमची कशी?”

मास्तरांनी पावाचा मोठा घास घेतला. “पाव छान आहे. खाऊन बघ.”

दुसऱ्या दिवशी ती त्यांना आपल्या गाडीत घालून चौकात घेऊन गेली. गल्लीच्या तोंडाशी थांबायची पांढरी रेघ होती, चांगली ठळक, सबब सांगायला जागा नाही इतकी. तिने रेघेचे फोटो काढले, गल्लीचे काढले, रेघेवरून चौक किती दिसतो त्याचे काढले. मास्तर तोवर कोपऱ्यावरच्या चष्म्याच्या दुकानात जाऊन बसले होते. दुकानदारही त्यांच्याकडेच शिकलेला निघाला.

“मी बघितलं की सगळं,” दुकानदार वकीलबाईला म्हणाला. “मास्तर सरळ चालले होते. व्हॅन रेघेवर थांबलीच नाही. कुठे सांगायचं ते सांगा, येतो मी.”

वकीलबाईचा जीव भांड्यात पडला. डोळ्यांचा धंदा करणारा साक्षीदार तिला आजवर मिळाला नव्हता.

“मग त्या बाई उतरल्या,” तो पुढे म्हणाला, “आणि ‘सर, सर’ करून रडायलाच लागल्या.”

मास्तरांनी एकदम नव्या फ्रेमी बघायला सुरुवात केली.

वकीलबाई त्यांना घेऊन गाडीत येऊन बसली. बसल्यावर तिने किल्ली फिरवली नाही.

“ती तुमची विद्यार्थिनी आहे.”

“कोण?”

“बाबा.”

“आहे,” मास्तर म्हणाले. “शेवटच्या बॅचची. आम्ही तिला थांबाबाई म्हणायचो.”

थांबाबाई चाळिशी उलटल्यावर गाडी शिकायला आली होती. कबुतर दिसलं की थांबायची, कागद उडत आला की थांबायची, दिवा हिरवा झाला की आता लाल होईल म्हणून थांबायची. मागच्या गाड्यांचे भोंगे वाजून वाजून मास्तरांच्या नाकी नऊ आले होते. परीक्षेत किती वेळा नापास झाली ते तीही विसरली असेल. पण पास झाली, आणि गेल्या महिन्यात बेकरीची व्हॅन तिच्या हातात आली. आधी ती तिथे काउंटरवर पाव कापायची.

“त्यांच्याकडे नियम आहे,” मास्तर म्हणाले. “पहिल्या वर्षात ठोकली आणि चूक चालवणाऱ्याची निघाली, तर पुन्हा काउंटर. रडत रडत तेच सांगत होती. तेवढ्यात पोलीस आला.”

“आणि तुम्ही चूक आपल्या नावावर घेतलीत.”

“आमच्या धंद्याची रीतच आहे ती. शिकाऊने ठोकली तर मास्तरने ठोकली. शिकाऊच्या नावावर कधी काही चढू द्यायचं नाही, नाहीतर तो परत गाडीत बसत नाही.”

“ती आता शिकाऊ नाही. तिच्याकडे लायसन आहे.”

“असेल,” मास्तर म्हणाले.

वकीलबाईला राग आला. तिला या माणसाचा फार राग आला आणि त्या रागाच्या बरोबरीने फार मायाही आली, त्यामुळे काय बोलावं ते तिला धड सुचेना. “तिची व्हॅन राहावी म्हणून तुमची गाडी गेली तरी चालेल? आणि ते तिघं? त्यांना कोण नेणार?”

मास्तर खिडकीबाहेर बघत राहिले. तिघांचा विचार त्यांनी केला नव्हता असं दिसलं.

“हे बघा,” ती म्हणाली, “माझ्याकडे फोटो आहेत, साक्षीदार आहे. तुम्ही फक्त तिथे बसायचं. तोंडातून एक शब्द काढायचा नाही. मिठाची गुळणी धरायची.”

“बरं.”

“नुसतं बरं नको. शब्द द्या.”

“एक शब्दही काढायचा नाही म्हणतेस आणि शब्द दे म्हणतेस,” मास्तर म्हणाले. पण त्यांनी मान हलवली.

वाहतूक शाखेतल्या साहेबांना सर्दी झाली होती आणि कधी एकदा हे प्रकरण संपतं असं त्यांना झालं होतं. टेबलाच्या एका बाजूला मास्तर, वकीलबाई आणि दाराशी टेकून उभा राहिलेला दातांचा डॉक्टर. दुसऱ्या बाजूला थांबाबाई आणि बेकरीच्या विमा कंपनीचा एक तरुण. थांबाबाई चांगली भरल्या अंगाची, हसऱ्या तोंडवळ्याची बाई होती, पण आज ओठ घट्ट मिटून बसली होती. तरुणाने तिलाही गुळणी धरायला लावलेली दिसत होती.

“काय झालं ते सांगा,” साहेब म्हणाले.

कोणी बोललं नाही. साहेबांनी नाक पुसलं. “दोन्ही बाजू गप्प बसायला आल्या आहेत का?”

वकीलबाईने फोटो मांडले, चष्मेवाल्याचा जबाब पुढे सरकवला आणि रेघ, गल्ली, दार अशी सगळी मांडणी नेटकी करून दाखवली. तरुणाने शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच कागद पुढे केला.

“यांनी जागेवरच चूक कबूल केली आहे. सही आहे.”

“गोंधळलेल्या माणसाची सही आहे ती,” वकीलबाई म्हणाली. “अपघात नुकताच झालेला, वय झालेलं. अशा वेळी माणूस काहीही बोलून जातो.”

“मी गोंधळलो नव्हतो,” मास्तर म्हणाले.

वकीलबाईने त्यांना कोपराने ढोसलं.

“साहेब, मी सांगू का?” थांबाबाई उठून उभीच राहिली.

“नाही,” तरुण म्हणाला.

“मी रेघेवर थांबले नाही.” तिने हे एका दमात म्हणून टाकलं आणि मग तिला बोलायला जोर आला. “रात्रभर झोप नाही हो मला. सगळ्यांसाठी थांबत आले आजवर. पण त्या दिवशी चौकात सर येताना दिसले. व्हॅन हातात आल्यापासून मनात होतं, सरांनी एकदा बघावं मी कशी चालवते ते. इतका आनंद झाला की मी हात केला. हात करता करता रेघ मागे गेली.”

“हात केला?” साहेबांनी विचारलं.

“असा.”

तिने हात वर करून दाखवला. टेबलाच्या अलीकडून मास्तरांनी नकळत हात वर करून तिला प्रतिसाद दिला. साहेब शिंकले, की हसले, ते रुमालामुळे कळलं नाही. तरुणाने पेनाला टोपण लावलं.

बाहेर आवारात थांबाबाई मास्तरांच्या पाया पडायला निघाली तेव्हा त्यांनी तिला मध्येच धरलं. मालकाला तिने सकाळीच सगळं सांगून टाकलं होतं म्हणे. मालकाने तिला व्हॅनवरून काढलं नव्हतं. पावांपेक्षा तिच्या खरं बोलण्याचं त्याला जास्त कौतुक वाटलं असावं. त्याची अट एकच होती, महिनाभर शेजारी कोणीतरी जाणतं माणूस बसवून चालवायची.

“पण भल्या पहाटे असं कोण येऊन बसणार, सर?”

“पहाटे निघतेस कुठून?” मास्तरांनी विचारलं.

ती उड्या मारायचीच बाकी होती. ती गेल्यावर मुलगा पुढे आला आणि त्याने खिशातून किल्ली काढली. बाबा सुटतील असं त्याला वाटलं असणार, नाहीतर गॅरेजमधून त्यांची गाडी थेट इथे आणून कशाला ठेवली असती.

“घ्या, बाबा,” तो म्हणाला. या वेळी आवाज हळू नव्हता. त्याला त्याच्या दवाखान्यात परतायचं होतं, तो वकीलबाईची गाडी घेऊन घाईने निघून गेला.

मास्तरांची गाडी झाडाखाली उभी होती, नवं दार बाकी रंगापेक्षा थोडं उजळ दिसत होतं. वकीलबाई जिंकल्याच्या आनंदात होती. अशी केस तिने आजवर घेतली नव्हती आणि इतकी मजाही तिला कधी आली नव्हती. ती शेजारच्या सीटचं दार उघडायला गेली तर मास्तर आधीच तिथे पोचून आत बसत होते.

“इकडे कुठे?” ती म्हणाली. “तुमची जागा तिकडे.”

“तू चालव.” त्यांनी किल्ली तिच्यापुढे धरली.

“का? बरं नाही वाटत का?”

“बस तरी आधी.”

ती चालकाच्या जागेवर जाऊन बसली. मास्तर समोरच्या काचेतून बघत होते आणि त्यांचा चेहरा शांत होता, जरा मिस्कीलही.

“ती थांबत नाही हे मला आधी कळलं होतं,” ते म्हणाले. “तिच्या आधी कळलं. तिने हात वर केला ना, तेव्हाच. माझ्याकडे वेळ होता. भरपूर वेळ होता.”

“मग?”

“मी ब्रेक दाबला.”

“नाही दाबलात. दाबला असतात तर गाडी थांबली असती.”

“शिकवायच्या गाडीत मास्तरच्या पायाखाली वेगळा ब्रेक असतो. शिकाऊ थांबला नाही की आपण दाबायचा. माझा डाव्या पायाखाली असायचा.” त्यांनी मांडीवर हलकी थाप मारली. “तो दाबला. सगळा जोर लावून. खाली नुसती चटई. उजवा पाय होता तिथेच, गाडी चालवत. मी माझी गाडी थांबवतच नव्हतो, सूनबाई. मी तिची थांबवत होतो.”

वकीलबाईने वाकून आपल्या पायाखालची चटई बघितली.

“हे आधी का नाही सांगितलंत?” ती म्हणाली.

“सांगितलं की. पहिल्या दिवशीच सांगितलं. पोलिसाला सांगितलं, तुला सांगितलं, तिथे आतही सांगत होतो. तुम्ही कोणी ऐकेना. आणि तू तर इतकं छान पटवून देत होतीस की मधले दोन दिवस मलाही वाटायला लागलं, नसेल चुकलं आपलं.”

तिला हसू आलं आणि त्याच वेळी डोळे भरून आले. हा माणूस तिला कधी इतका आवडला नव्हता. किती लोकांना तिने आजवर गप्प बसायला शिकवलं होतं, आणि यांना काही म्हणता काही शिकवता आलं नव्हतं.

“साहेबांना सांगायला हवं,” मास्तर म्हणाले. “सगळं तिच्या एकटीच्या नावावर नको.”

वकील म्हणून तिला काय म्हणायला हवं होतं ते तिला पाठ होतं.

“जाऊ या,” ती म्हणाली. “मी येते बरोबर. आत्ता?”

“आत्ता नको. सर्दीने बेजार झालाय बिचारा. उद्या जाऊ.” त्यांनी पट्टा ओढून लावला. “उद्या सकाळी तुला कोर्ट किती वाजता असतं?”

“का?”

“तीन म्हातारे उचलायचे आहेत. एकाला खिडकी बंद लागते, दोघांना उघडी. तुझं तू बघ.”

तिने हताशपणे मान हलवली आणि डोळे पुसून किल्ली फिरवली. मास्तर शेजारच्या सीटवर मागे टेकून बसले, अगदी आरामात, बऱ्याच वर्षांनी आपल्या खुर्चीत बसायला मिळाल्यासारखे.

“आधी आरसा,” ते म्हणाले.

तिने आरसा नीट केला.